शिळाछापापासून टेकपर्यंत : मराठी गणिताच्या छपाईतील रेघ आणि बाण

गणिताचे पुस्तक छापणाऱ्याला अक्षर आणि रेघ अशा दोन गोष्टी कागदावर उतरवाव्या लागतात. वाक्ये, अंक व चिन्हे अक्षरांतून येतात; त्रिकोण, वर्तुळ, आलेख आणि बाण रेघेतून. या दोहोंना एकाच पानावर नेमक्या जागी बसवणे हा गणिताच्या छपाईचा मूळ प्रश्न आहे. मराठीपुढे तो सुमारे दोनशे वर्षांपूर्वी उभा राहिला. शिळाछापात अक्षर आणि रेघ एकाच हाताने, एकाच शाईने उमटत असत. शिशाच्या खिळ्यांनी त्यांची फारकत केली. संगणकावरील टेक या जुळणी-प्रणालीच्या परिवाराने त्यांना पुन्हा एकत्र आणले. ज्या पिढीने मराठीत आधुनिक गणित प्रथम लिहिले, तिच्यात आजच्या सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या देवगड तालुक्यातील पोंभुर्ले गावचे बाळशास्त्री जांभेकर अग्रभागी होते.

शिळेवरचे गणित

मराठी भाषेचे पहिले छापील व्याकरण विल्यम केरी यांनी १८०५ मध्ये बंगालमधील श्रीरामपूर येथे काढले. मुंबईत अमेरिकन मिशनऱ्यांचा छापखाना १८१७च्या सुमारास मराठी पुस्तिका छापू लागला. देवनागरी खिळे मात्र त्या काळी अपुरे आणि ओबडधोबड होते. पेशवाई संपल्यावर १८२२ मध्ये मुंबईत शाळा व शालेय पुस्तके यांसाठी एक सोसायटी स्थापन झाली आणि १८२७ मध्ये तिचे नाव बॉम्बे नेटिव्ह एज्युकेशन सोसायटी झाले. या सोसायटीला थोड्या अवधीत पाठ्यपुस्तके हवी होती. त्यासाठी शिळाप्रेस सोयीचा ठरला.

शिळाछापाची युक्ती जर्मनीत अलॉइस झेनेफेल्डर यांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस शोधली. सपाट घासलेल्या चुनखडीच्या शिळेवर तेलकट शाईने लिहायचे आणि शिळा ओली करायची. पाणी कोऱ्या भागावर राहते. छपाईची शाई पाण्याला न चिकटता फक्त लिहिलेल्या भागावर बसते, आणि कागद दाबला की मजकूर उमटतो. शिळेवर थेट लिहिताना अक्षरे उलटी काढावी लागतात. ते टाळण्यासाठी विशेष कागदावर सुलट लिहून मजकूर शिळेवर उतरवण्याचीही पद्धत होती.

गणिताच्या दृष्टीने या पद्धतीचा मोठा गुण असा, की तिच्यात लेखनिकाचा हात मोकळा राहतो. भूमितीचा त्रिकोण काढणे आणि त्याच्या शिरोबिंदूपाशी अक्षर लिहिणे ही कामे एकच बोरू करतो. रेघ तिरकी असो वा वक्र, दोन रेघा एकमेकींना छेदोत वा न छेदोत, छापखान्याचा खर्च वाढत नाही. लष्करी अभियंता असलेले कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस यांनी जगन्नाथशास्त्री क्रमवंत यांच्या साहाय्याने १८२०च्या दशकात इंग्रजी ग्रंथांच्या आधारे अंकगणित, भूमिती आणि बीजगणित मराठीत आणले. ‘शिक्षामाला’ हा त्यांचा मोठा ग्रंथ याच काळातला. ही पुस्तके शिळाप्रेसवर निघाली, त्यामुळे मराठीतल्या पहिल्या भूमितीच्या आकृत्या मजकुराच्या शेजारी, मजकुराच्याच शाईत छापल्या गेल्या.

पोंभुर्ल्याचे बाळशास्त्री

बाळशास्त्री जांभेकर यांचा जन्म १८१२ मध्ये पोंभुर्ले येथे झाला. वडील गंगाधरशास्त्री पुराण सांगत. घरी संस्कृत व मराठीचे अध्ययन झाल्यावर बाळशास्त्री मुंबईला आले आणि सदाशिव काशिनाथ ऊर्फ बापू छत्रे यांच्याकडे राहून इंग्रजी व गणित शिकले. वयाची विशी गाठण्यापूर्वीच नेटिव्ह एज्युकेशन सोसायटीच्या कामात त्यांची नेमणूक झाली होती. ६ जानेवारी १८३२ रोजी त्यांनी ‘दर्पण’ सुरू केले. इंग्रजी आणि मराठी मजकूर शेजारशेजारच्या दोन स्तंभांत देणारे हे पत्र मराठीतील पहिले वृत्तपत्र होय. ६ जानेवारी हा दिवस महाराष्ट्रात पत्रकार दिन म्हणून पाळला जातो.

वृत्तपत्रकार म्हणून जांभेकर सर्वांना माहीत आहेत. त्यांचे गणिताचे काम तितकेच मोलाचे आहे. १८३४ मध्ये एल्फिन्स्टन संस्थेत साहाय्यक प्राध्यापक म्हणून त्यांची नेमणूक झाली. असे पद मिळवणारे ते पहिले भारतीय होते. गणित आणि ज्योतिष हे त्यांचे मुख्य विषय होते. दादाभाई नौरोजी, भाऊ दाजी लाड आणि पुढे गणित-ज्योतिषात नाव कमावलेले केरो लक्ष्मण छत्रे हे त्यांच्या विद्यार्थ्यांत होते. कुलाब्याच्या वेधशाळेचे कामही त्यांनी पाहिले. ‘शून्यलब्धि गणित’ या पुस्तकात त्यांनी कलनशास्त्र मराठीत मांडले. इंग्रजी शिक्षण मुंबईत नुकते रुजत असताना एका कोकणी तरुणाने कलनासारखा विषय मराठी वाक्यांत बसवला, ही मराठी गद्याच्या इतिहासातील मोठी घटना आहे.

जांभेकरांना छपाईच्या दोन्ही तंत्रांचा अनुभव होता. ‘दर्पण’चे स्तंभ खिळ्यांनी जुळवलेले असत, तर १८४५ मध्ये त्यांनी छापून काढलेली ‘ज्ञानेश्वरी’ शिळाप्रेसवरची होती. या ग्रंथाची ती पहिली छापील आवृत्ती. पुढच्याच वर्षी, १८४६ च्या मे महिन्यात, वयाच्या अवघ्या ३४ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. तोवर मुंबईचा छापखाना शिळेकडून खिळ्यांकडे वळू लागला होता.

खिळ्यांचे राज्य

गणपत कृष्णाजी पाटील यांनी १८३१ मध्ये शिळाप्रेसवर मराठी पंचांग छापले आणि दहा वर्षांनी स्वतः तयार केलेल्या खिळ्यांवर ते छापून दाखवले. अमेरिकन मिशनच्या छापखान्यात टॉमस ग्रॅहम यांनी देवनागरी अक्षरांना सुबक वळण दिले. त्याच छापखान्यात घडलेले जावजी दादाजी यांनी १८६४ मध्ये खिळ्यांचा ओतकारखाना आणि १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना सुरू केला. निर्णयसागरचा टाइप पुढे देशभर आदर्श मानला गेला.

देवनागरीची जुळणी रोमन लिपीपेक्षा अवघड असते. रोमन ओळीत एकापुढे एक अक्षर ठेवले की काम भागते. देवनागरीत मधल्या पट्टीत अक्षर, तिच्या वर मात्रा, वेलांटी, अनुस्वार व रफार आणि खाली उकार अशी तीन मजल्यांची रचना असते. जोडाक्षरांमुळे खिळ्यांची संख्या शेकड्यांवर जाते, आणि जुळाऱ्याला अनेक केसी, म्हणजे खिळ्यांच्या खणांच्या पेट्या, हाताखाली ठेवाव्या लागतात. मुंबईत यावर दोन उपाय निघाले. एकात स्वरचिन्हांसह अक्षर अखंड ओतले जाई, तर दुसऱ्यात वरची व खालची चिन्हे वेगळी ओतून अक्षराशी जोडली जात; या दुसऱ्या उपायाला डिग्री पद्धत म्हणत. शासकीय मुद्रणाचे संचालक राहिलेले बापूराव नाईक यांनी देवनागरीच्या मुद्राक्षरकलेवरील आपल्या १९७१ च्या त्रिखंडी इंग्रजी ग्रंथात या सगळ्या परंपरेची सविस्तर नोंद केली आहे.

गणिताची ओळही अशीच अनेक मजली असते. घातांक वर, निर्देशांक खाली, अपूर्णांकात अंश व छेद एकावर एक, आणि मुळाच्या चिन्हाची रेघ साऱ्यांच्या डोक्यावर. शिशाच्या जुळणीत प्रत्येक रिकामी जागाही धातूच्या तुकड्याने भरावी लागते, कारण सगळे तुकडे लोखंडी चौकटीत घट्ट कसल्याशिवाय यंत्रावर चढत नाहीत. प्रत्येक तुकडा काटकोनी असतो. आडवी रेघ आणि उभी रेघ पितळी पट्टीने मिळते, पण तिरकी रेघ काटकोनी तुकड्यांत बसत नाही. म्हणून खिळ्यांच्या छपाईत आकृतीला स्वतंत्र ठसा लागू लागला. आधी तो लाकडावर कोरत, पुढे जस्ताच्या पत्र्यावर आम्लाने उठवत. चित्रकार आकृती काढी, ठसा करणारा ती धातूवर उतरवी आणि जुळारी तो ठसा मजकुरात बसवी. आकृतीतले अक्षर बदलायचे झाले, तर नवा ठसा करावा लागे. लेखक आणि त्याची रेघ यांच्यामध्ये असे तीन कारागीर आले. त्यामुळे आकृती कमी वापरणे किंवा सगळ्या आकृत्या पुस्तकाच्या शेवटी वेगळ्या पानांवर देणे हे प्रकाशकाला परवडणारे मार्ग होते. मोनोटाइप कंपनीने १९५०च्या दशकात गणितासाठी चार ओळींची यांत्रिक जुळणी आणली. तिने सूत्रे सुकर झाली, तिरक्या रेघेचा प्रश्न मात्र तसाच राहिला.

बाणांचे गणित

विसाव्या शतकाच्या मध्यावर गणितानेच बाणांची मागणी वाढवली. फलन दाखवण्यासाठी एका संचाच्या नावापासून दुसऱ्याच्या नावाकडे बाण काढण्याची पद्धत १९४०च्या सुमारास विटोल्ड हुरेविच यांच्यापासून रूढ झाली. सॅम्युएल आयलेनबर्ग आणि सॉन्डर्स मॅक लेन यांनी १९४५ च्या निबंधात कॅटेगरी सिद्धांताचा पाया घातला. आयलेनबर्ग व नॉर्मन स्टीनरॉड यांच्या १९५२ च्या संस्थितिशास्त्रावरील ग्रंथानंतर बाणांच्या आकृत्या या विषयाची रोजची भाषा झाल्या.

अशा आकृतीला गणितज्ञ कम्युटेटिव्ह डायग्रॅम, म्हणजे क्रमनिरपेक्ष आकृती, म्हणतात. तिची सर्वांत साधी जात चौकोनाची. अ पासून ब कडे व क कडे एकेक बाण जातो, आणि ब व क या दोहोंपासून ड कडे एकेक. मालवणहून सावंतवाडीला कुडाळवरून गेले काय आणि वेंगुर्ल्यावरून गेले काय, मुक्काम तोच; तसे अ मधला कोणताही घटक ब मार्गे किंवा क मार्गे नेला तरी ड मध्ये तो नेमक्या त्याच घटकावर पोचतो, असे ही आकृती सांगते. शब्दांत आणि सूत्रांत परिच्छेदभर जागा घेणारे विधान चार अक्षरे आणि चार बाणांत मावते. वाचणारा बोटाने दोन वाटा चालून पाहतो आणि सिद्धता समजून घेतो.

दोन चौकोनांमधला संबंध दाखवायचा, की आकृतीचा घन होतो. त्याला ८ शिरोबिंदू, १२ बाण आणि ६ चौकोनी बाजू असतात. पुढचा चौकोन आणि जरा वर-उजवीकडे सरकवलेला मागचा चौकोन अशा नेहमीच्या रीतीने तो काढला, तर दोन ठिकाणी बाण एकमेकांना छेदतात. एक चौकोन दुसऱ्याच्या आत काढून हे छेद टाळता येतात, पण मग पुढची आणि मागची बाजू डोळ्यांना सहज जाणवत नाही. चार मितींच्या घनात १६ शिरोबिंदू आणि ३२ बाण येतात. तो सपाट कागदावर कोणत्याही रीतीने मांडला, तरी छेद टळत नाही. म्हणजे छेदणारे बाण हे काही वेळा सोयीसाठी आणि काही वेळा गणिताच्याच सक्तीने येतात.

या नव्या गणिताचे महाराष्ट्रातील मोठे केंद्र म्हणजे १९४५ मध्ये स्थापन झालेली टाटा मूलभूत संशोधन संस्था. तिची कुलाब्यातील वास्तू जांभेकरांच्या वेधशाळेच्याच परिसरात आहे. संस्थेत परदेशी गणितज्ञांनी दिलेली व्याख्याने तरुण संशोधक उतरवून घेत आणि संस्था ती पुस्तिकारूपाने काढी. शीफ सिद्धांतावरील सी. एच. डाउकर यांची व्याख्याने १९५७ ची. या विषयाचे पान बाणांच्या आकृत्यांवाचून पुढे सरकत नाही. टंकलेखन-यंत्रावर काढलेल्या अशा पुस्तिकांत यंत्रात नसलेली चिन्हे आणि बाण हाताने भरावे लागत. शिळाछापातला मोकळा हात या मार्गाने परत आला, पण अक्षर यंत्राचे आणि रेघ माणसाची असा भेद कायम होता.

टेक आणि तिरकी रेघ

अमेरिकेतील संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड नुथ यांना १९७७ मध्ये आपल्या ग्रंथाच्या नव्या आवृत्तीची मुद्रिते मिळाली. शिशाची जुळणी जाऊन प्रकाशजुळणी आली होती आणि गणिताची पाने आधीपेक्षा वाईट दिसत होती. नुथ यांनी स्वतःच जुळणीची प्रणाली लिहायला घेतली. तिचे नाव टेक. टेकच्या लेखी प्रत्येक अक्षर ही रुंदी, उंची आणि खोली असलेली पेटी असते. पेट्यांची ओळ, ओळींचा परिच्छेद आणि परिच्छेदांचे पान अशी ती रचना करते आणि पेट्यांमधली जागा ताणते किंवा आवळते. लेखक सूत्र शब्दांत टाइप करतो आणि अंश, छेद, घातांक यांच्या जागा टेक ठरवते. लेस्ली लॅम्पोर्ट यांनी १९८०च्या दशकात तिच्यावर लाटेक उभारले, आणि गणितज्ञ स्वतःच आपला जुळारी झाला.

तरीही काटकोनी पेटीचा स्वभाव शिशाच्या खिळ्यासारखाच राहिला. टेकला स्वतःहून आडवी आणि उभी रेघ काढता येते, तिरकी येत नाही. लाटेकमध्ये तिरकी रेघ काढण्यासाठी छोट्या तिरक्या तुकड्यांचा एक फॉन्ट होता, आणि तुकड्याला तुकडा जोडून रेघ लांबवली जाई. त्यामुळे चढ ठरावीकच मिळत. रेघेचा चढ ६ पर्यंतच्या आणि बाणाचा ४ पर्यंतच्या पूर्णांकांच्या गुणोत्तरात बसवावा लागे. अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या एएमएस-सीडी या संचात तर फक्त आडवे आणि उभे बाण आहेत. चौकोनासाठी तो पुरेसा आहे, घनासाठी नाही.

पुढची पायरी १९९०च्या दशकात आली. क्रिस्टोफर रोझ यांनी सुरू केलेल्या आणि रॉस मूर यांच्या सहभागाने वाढलेल्या एक्सवाय-पिक या संचाने बाणांची स्वतंत्र भाषाच तयार केली. अक्षरे तक्त्यात मांडायची आणि बाण किती घरे उजवीकडे व किती घरे खाली जातो ते सांगायचे. पोस्टस्क्रिप्ट आणि पीडीएफ या पानाचे वर्णन करणाऱ्या पद्धतींमुळे कोणत्याही चढाची रेघ काढता येऊ लागली. टिल टांटाउ यांच्या टिक्झेड या चित्रभाषेने हा गुण पूर्णपणे वापरला, आणि तिच्यावर आधारलेला टिक्झेड-सीडी हा संच आज क्रमनिरपेक्ष आकृत्यांसाठी सर्वत्र वापरला जातो.

छेदणारे बाण

दोन बाण नुसते एकमेकांवरून गेले, तर छेदापाशी चौफुली दिसते आणि वाट कुठे वळते असा संभ्रम होतो. हाताने आकृती काढणारे यासाठी मागचा बाण छेदापाशी थोडा तोडत आणि पुढचा अखंड ठेवत. संगणकावर याच्या दोन रीती आहेत. एक्सवाय-पिकमध्ये मागच्या बाणाला छेदबिंदूपाशी ‘होल’, म्हणजे मोकळी जागा, सोडण्यास सांगतात. ती कुठे सोडायची हे दोन बाणांच्या टोकांवरून प्रणाली काढते. टिक्झेड-सीडीची रीत वेगळी आहे. पुढच्या बाणाला ‘क्रॉसिंग ओव्हर’ हा गुण दिला, की प्रणाली त्या बाणाच्या मार्गावर आधी पांढरी जाड पट्टी ओढते आणि मग तिच्यावर बाण काढते. पट्टीखाली मागचा बाण झाकला जातो आणि तो तुटल्यासारखा दिसतो.

या दुसऱ्या रीतीत काही गोष्टी सांभाळाव्या लागतात. बाण लिहिलेल्या क्रमाने काढले जातात. म्हणून जो बाण वरून जायचा, तो मागच्या बाणानंतर लिहावा; अन्यथा पांढरी पट्टी आधी पडते आणि मागचा बाण तिच्यावरून अखंड जातो. पानाचा रंग पांढरा नसेल, तर पट्टीचा रंगही तसा सांगावा लागतो. बाणाचे नाव सहसा त्याच्या मध्यावर येते आणि छेदही तिथेच असतो, म्हणून घनाच्या आकृतीत नावे बाणाच्या सुरुवातीकडे किंवा शेवटाकडे सरकवतात. स्तंभांतले अंतर वाढवले, की छेद शिरोबिंदूंपासून दूर जातात. कोणता बाण पुढे आणि कोणता मागे हे लेखकाने ठरवायचे असते. सर्वसाधारण संकेत असा, की पुढच्या बाजूचे बाण अखंड राहतात. क्विव्हरसारख्या साधनांत आकृती पडद्यावर ओढून तयार करता येते आणि तिची टिक्झेड-सीडीतली आज्ञावली मिळते.

टाटा संस्थेची जुनी व्याख्यानमाला पुढे टेकमध्ये नव्याने जुळवली गेली, आणि जे बाण एकेकाळी हाताने भरले जात, ते आता अक्षरांबरोबरच जुळतात.

देवनागरीची सोय

टेक मुळात रोमन लिपीसाठी घडली होती. नेदरलँड्समधील फ्रान्स फेल्टहाउस यांनी १९९१च्या सुमारास तिच्यासाठी देवनागरी फॉन्ट आणि रोमन अक्षरांत टाइप केलेला मजकूर देवनागरीत आणणारी पूर्वप्रक्रिया तयार केली. पुण्याच्या सी-डॅकने १९८०च्या दशकापासून भारतीय लिप्यांसाठी जिस्ट तंत्र विकसित केले. मराठी कार्यालयांत आणि छापखान्यांत ते रुजले, पण गणिताची सूक्ष्म जुळणी हा त्याचा प्रांत नव्हता. युनिकोड आणि २००४ मध्ये जोनाथन क्यू यांनी आणलेली झीटेक ही प्रणाली यांनी ही दरी भरली. मराठी मजकूर थेट देवनागरीत टाइप करायचा, फॉन्ट हवा तो घ्यायचा आणि सूत्रे नेहमीच्या लाटेकमध्ये लिहायची, हे शक्य झाले. आयआयटी मुंबईने संस्कृत ग्रंथांच्या संपादनासाठी काढलेला ‘शोभिका’ हा फॉन्टही विनामूल्य मिळतो. पॉलिग्लॉसिया या संचात मराठीची सोय आहे. शिरोबिंदूंना अ, ब, क आणि बाणांना फ, ग अशी नावे देऊन संपूर्ण घन देवनागरीत जुळवता येतो. मात्रा, उकार आणि जोडाक्षरे फॉन्टच सांभाळतो.

मराठीत शालेय गणिताची पुस्तके विपुल आहेत. पदवी आणि त्यापुढचे गणित मात्र अजून जवळजवळ पूर्णपणे इंग्रजीत वाचावे लागते. पूर्वी याला छापखान्याची अडचण हे एक खरे कारण होते. खिळे अपुरे होते, ठसे महाग होते आणि तिरकी रेघ काढणे कठीण होते. आता ते कारण राहिलेले नाही. मालवण, कणकवली वा सावंतवाडीच्या महाविद्यालयातला गणिताचा प्राध्यापक एका साध्या संगणकावर, एक रुपयाही खर्च न करता, कोणत्याही परदेशी प्रकाशकाच्या तोडीचे मराठी पान जुळवू शकतो. बीजगणित, संस्थितिशास्त्र आणि कॅटेगरी सिद्धांत यांवरची मराठी टिपणे त्याने लिहावीत आणि विद्यार्थ्यांच्या हाती द्यावीत. छपाईची साधने पुरेशी झाली आहेत; आता पुस्तके लिहिली गेली पाहिजेत.